मिठू बिघडला नाही, सीझनमध्ये आलाय

होळी जवळ आली की माझ्या फोनवर एकच तक्रार सुरू होते, डॉक्टर आमचा पोपट पागल झाला, कालपर्यंत खांद्यावर बसायचा आणि आज बोट फोडलं. पागल नाही झाला भो, वयात आलाय. बऱ्याच जणांचं दुखणं सारखंच आहे म्हणून या वेळी सगळे प्रश्न एकत्रच घेतो.

प्रश्न (भुसावळ): आमचा सन कोन्युअर (पिवळा-केशरी परदेशी पोपट) सव्वादोन वर्षांचा आहे. महिनाभरापासून मी मिसेसजवळ गेलो की अंगावर धावून येतो, कर्कश ओरडतो, तिच्या हातावर बसून शेपटीचा भाग घासतो. आम्ही ओरडलो तर अजून चेकाळतो.

त्याने वहिनींना जोडीदार मानलंय आणि तुम्ही मधेच कडमडलेले प्रतिस्पर्धी आहात, एवढंच आहे ते. कोन्युअर साधारण दोन वर्षांचा झाला की हे सुरू होतं, म्हणजे तुमच्या पक्ष्याने टाइमटेबल बरोबर पाळलंय. हसण्यावारी मात्र नेऊ नका, कारण आपणच नकळत त्याला रोज खतपाणी घालत असतो.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे लाइट. आपल्याकडे डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवस पावणेअकरा तासांच्या आसपास असतो आणि जूनमधला मोठा साडेतेराच्या आत, पण पिंजरा हॉलमधे असेल तर सकाळी सहाला ट्यूब लागते ती रात्री साडेअकराला सिरियल संपल्यावर बंद होते, म्हणजे तुमच्या पोपटाचा दिवस झाला साडेसतरा तासांचा! दिवस लांबला म्हणजे पिल्लं काढायची वेळ झाली, असं त्याचं शरीर समजतं. म्हणून संध्याकाळी सात-साडेसातला पिंजरा मागच्या खोलीत न्या, टीव्ही नाही, लाइट नाही, बारा तास अंधार आणि शांतता. जाड चादर टाकायचा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो, पण तो आपल्या एप्रिल-मेसाठी नाही, भुसावळच्या पत्र्याखाली पिंजऱ्यावर चादर म्हणजे भट्टीच. खोली अंधारी करा, पिंजरा मोकळा ठेवा.

दुसरं लाड. पाठीवरून, पंखाखालून, शेपटीजवळ हात फिरवायचा नाही, ते पोपटांच्या भाषेत जोडीदाराचं काम. कुरवाळायचं तर फक्त डोकं आणि मान. तिसरं म्हणजे अंधारे कोनाडे. सोफ्याखाली, कपाटाच्या ड्रॉवरमधे, गोधडीच्या घडीत शिरू देऊ नका आणि पिंजऱ्यात टांगलेली ती मऊ कापडी झोपडी आजच काढा. दुकानवाले झोपायला म्हणून विकतात, पोपटाला ते घरटं वाटतं.

चावला तर ओरडू नका, हात झटकू नका, त्याला तो तमाशा आवडतो. डोळ्यातली बाहुली लहान-मोठी होतेय, शेपटी पंख्यासारखी फुललीय असं दिसलं की हात न्यायचाच नाही, काठीवर घेऊन पिंजऱ्यात ठेवायचं आणि आपण निघून जायचं. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसायला लागतो, पूर्ण शांत व्हायला कधी जास्तही लागतात. आणि हो, सन कोन्युअरची 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, राहिली असेल तर करून टाका.

प्रश्न (चोपडा): आमच्याकडे एकच कॉकटेल (डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट) मादी आहे, नर नाही. तरी तिने चार अंडी दिली. सासूबाई म्हणतात अपशकुन आहे, अंडी फेकून दे.

सासूबाईंना सांगा, गावठी कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी देते की नाही? तसंच हे. अंडी रिकामी आहेत, पिल्लं निघणार नाहीत. पण फेकू नका ताई, इथेच सगळे चुकतात. कॉकटेल एक दिवसाआड अंडं घालते, साधारण चार ते सात, आणि आपण एक-एक उचलत गेलो तर तिला वाटतं संख्या कमी पडली, मग ती अजून घालते. प्रत्येक अंड्याच्या कवचाला कॅल्शियम तिच्याच अंगातून जातं. त्यामुळे बसू द्या तिला, तीनेक आठवड्यांत ती स्वतःच कंटाळून उठते, तेव्हा गुपचूप काढा.

कॅल्शियमसाठी महागडं काही नको, काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो तो पिंजऱ्याला बांधा, शिवाय सकाळचं कोवळं ऊन द्या, काचेमागचं नाही, काचेतून आलेल्या उन्हाचा व्हिटॅमिन डीसाठी उपयोग होत नाही. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवली असेल तर ते आधी कमी करा, त्यात चरबी भरपूर आणि कॅल्शियम नावाला. रोज कोमट मऊ खिचडी भरवणं, हुरडा, बाजरीचं कोवळं कणीस वाटीभर ठेवणं हे पण थोडं आवरा, कारण मऊ आणि मुबलक खाणं म्हणजे पिल्लं वाढवायचा हंगाम, जंगलातही हेच गणित असतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मादी पिंजऱ्याच्या तळाला फुगून बसलीय, शेपटी श्वासाबरोबर वर-खाली हलतेय, जोर लावतेय पण अंडं येत नाही, तर ते अंडं अडकलंय. तेल लावणं, दाबणं असलं काही करू नका, उद्या बघू पण म्हणू नका, त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे. माझ्याकडे असे पक्षी दुसऱ्या दिवशी आणतात आणि मग मी काही करू शकत नाही, खूप वाईट वाटतं.

प्रश्न (रावेर): पोपट हीटवर आलाय असं दुकानवाल्याने सांगितलं, म्हणून आम्ही सब्जाचं पाणी देतोय आणि कूलरसमोर ठेवलाय. फरक नाही.

वाचून मी पाच मिनिटं हसलो, माफ करा. ती हीट वेगळी आणि आपली रावेरची हीट वेगळी! हार्मोनवाल्या हीटला सब्जा काही करत नाही, वरचं लाइट आणि खाण्याचं वाचा. खरंच उष्णता लागली असेल तर तो चोच उघडी ठेवून धापा टाकेल आणि पंख अंगापासून लांब धरेल. तेव्हा सावली, साधं पाणी, अंगावर हलका फवारा. कूलरच्या थेट झोतात दिवसभर नको. केळी तुमच्याकडे ढिगाने असतात, मला माहितीये, पण दिवसाला एक-दोन चकत्या बस.

प्रश्न (शहादा): लव्हबर्डच्या मादीचं नाक तपकिरी आणि खरखरीत झालंय, बुरशी आहे का?

तुमच्या फोटोत दिसतंय ते बजरीगर आहे, आपल्याकडे त्यालाच लव्हबर्ड म्हणतात. मादीचं नाक सीझनमधे असंच तपकिरी होतं, मलम लावू नका. नराचं निळं नाक तपकिरी व्हायला लागलं तर मात्र दाखवा, कधी वृषणाच्या गाठीमुळे तसं होतं.

प्रश्न (धुळे): सात वर्षांचा गळ्याला लाल पट्टी असलेला मिठू आरशासमोर दाणे उलटी करून टाकतो.

उलटी नाही, आरशातल्याला भरवतोय तो, प्रेम चाललंय. आरसा काढा, थांबेल. पण भाऊ, खरं बोलतो, आपला देशी पोपट घरात पाळायला 1972 च्या वन्यजीव कायद्याने परवानगी नाही. हिवाळा संपता संपता निंबाच्या, वडाच्या ढोलीतून पिल्लं काढून विकतात ती अशीच आपल्या घरांत पोचतात. आता खिडकी उघडून सोडूनही देऊ नका, सात वर्षं माणसात राहिलेला बाहेर जगत नाही. वन विभागाच्या 1926 नंबरला फोन करा आणि रीतसर विचारा.

प्रश्न (अमळनेर): हे हार्मोन बंद करायचं इंजेक्शन असतं का?

असतं, पण लाइट, खाणं, लाड या घरातल्या सवयी बदलून बघितल्याशिवाय मी देत नाही. वर्षात चार-पाच वेळा अंडी घालून खंगलेली मादी असेल तर विचार करतो. लाइट साडेअकरापर्यंत तसाच ठेवून इंजेक्शन मागायला येऊ नका, परत पाठवीन.