पाढे घडाघडा येतात, पण मधलंच विचारलं की गप्प!

"दोन ते दहा घडाघडा म्हणते, पण मधलंच विचारलं की गप्प. हिची स्मरणशक्ती कमी आहे का?" हा प्रश्न पालक मला सतत विचारतात. आठ वर्षांच्या एका मुलीची आईही हेच विचारत आली. रोज रात्री पाढे आणि रोज रात्री रडणं.

मी मुलीला विचारलं, "सात आठे किती?"

तिचे ओठ हलू लागले. सात एके सात, सात दुणे चौदा... एकोणपन्नासपाशी तिनं आईकडे पाहिलं, अडखळली आणि पुन्हा सात एकेपासून सुरुवात केली.

स्मरणशक्ती चांगलीच होती. पाढा तिला गाण्यासारखा येत होता आणि गाणं मधूनच उचलता येत नाही. त्यात आई रागावेल ही धास्ती. माझा अनुभव असा, की धास्तावलेलं मूल आधी समोरच्याचा चेहरा वाचतं, मग गणित. म्हणून मी नेहमी आधी भीतीला हात घालते.

पुढच्या भेटीत एक ते दहाच्या पाढ्यांचा, शंभर घरांचा तक्ता काढला. "सोपी वाटतात ती घरं रंगव." एक, दोन, पाच आणि दहाचे पाढे आडवे-उभे रंगवल्यावर 36 घरं उरली. मग तिचं एक बोट तीन साते वर ठेवलं, दुसरं सात त्रिक वर.

"दोन्हीकडे एकवीसच!"

मी काही बोलले नाही. ती स्वतःच जोड्या शोधून एकेक घर खोडत गेली. शेवटी मोजलं, पुन्हा मोजलं. "म्हणजे एवढी 21च पाठ करायची?" तिनं आईकडे पाहिलं, पण या वेळी नजरेत भीती नव्हती. आईचे डोळे भरून आले होते. इतके दिवस मुलगी पाठांतराला नाही, त्या ढिगाला घाबरत होती, हे मला तेव्हा लख्ख दिसलं.

या 21 गुणाकारांच्या चिठ्ठ्या करा. रोज दोन-तीन नव्या घ्या, जुन्यांत मिसळा, पाचच मिनिटं विचारा. वाचून घेण्यापेक्षा आठवायला लावा, कारण आठवण्याच्या खटपटीतच पाठांतर पक्कं होतं. अडलं तर ओळखीच्या उत्तराचा आधार द्या : सात साते एकोणपन्नास, त्यात सात मिळवले की छप्पन्न. चुकलेली चिठ्ठी दोन-तीन चिठ्ठ्यांनंतर पुन्हा येऊ द्या. आलेली उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं विचारा. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच दाखवलं होतं, की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो. घड्याळ मात्र लावू नका, निदान उत्तरं सहज येईपर्यंत तरी नकोच. आणि तालावर म्हणणं थांबवू नका. त्या तालानंच तर तिला एकोणपन्नासपर्यंत आणलं होतं.

चौथ्या भेटीत चिठ्ठ्या मुलीच्या हातात होत्या. "आई, सहा आठे?" आई क्षणभर थबकली.

"घाई नको करूस," मुलगी म्हणाली, "पाच आठे चाळीस, त्यात अजून एक आठ."