वाचकांचे प्रश्न : नी-पॅड काचतं, घसरतं, तापतं

प्रश्न : चाळिशी उलटल्यावर मी युनिसायकल, म्हणजे एकचाकी सायकल, शिकलो. चोवीस इंची चाकाची आहे, सकाळी तासभर चालवतो. स्केटिंगच्या दुकानातून घेतलेले नी-पॅड बांधतो. अर्ध्या तासात गुडघ्याच्या मागची कातडी लाल होते, मांडीवरचा पट्टा रुततो आणि पॅड हळूहळू नडगीवर उतरतं. करकचून बांधलं की पायाला मुंग्या येतात. मित्र म्हणतात, आपल्याकडचे सर्कसवाले कुठे पॅड बांधायचे? काढून टाकू का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : काढू नका. तुमचं पॅड वाईट नाही, ते दुसऱ्या खेळासाठी बेतलेलं आहे. स्केटिंग करताना गुडघा थोडा वाकलेला असतो आणि बराच वेळ जवळपास तसाच राहतो. आपल्या युनिसायकलला फ्रीव्हील नाही. पेडल ज्यांना लावलेली असतात त्या दांड्या (क्रँक) थेट चाकाच्या आसावर, म्हणजे चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच, उसंत नाही. चोवीस इंची चाक एका फेऱ्यात साधारण १.९ मीटर पुढे जातं. किलोमीटरभर गेलात की प्रत्येक गुडघा सव्वापाचशेच्या आसपास वेळा वाकतो आणि सरळ होतो. दर वेळी मागचं कापड त्याच जागी चुरगळतं, त्यात घाम. कातडी लाल झाली नसती तरच नवल.

मी पुण्यात ट्रेकिंगच्या सॅक आणि तंबू दुरुस्त करते, त्यामुळे माझ्या मशीनवर पॅडही येतात, आणि मी स्वतः युनिसायकल चालवते. एवढं नक्की सांगते की, पॅडला कात्री लावण्याआधी सीट बघायची. नवशिके पडायच्या भीतीने सीट खाली ठेवतात आणि मग ती तशीच राहून जाते. सीट खाली असली की वरच्या पेडलला गुडघा गरजेपेक्षा जास्त मुडपतो, आणि पॅडची सगळी घडी मागच्या खळगीत जमते. सीटवर बसा, एक पेडल अगदी खाली आणा, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. नसेल होत तर सीट वर घ्या. भिंतीला धरून दोन दिवस सवय करा. क्रँक १५० मिलिमीटरचे असतील आणि तुमचा रस्ता सपाट असेल तर १२५ चे लावून बघायलाही हरकत नाही. सीट त्या हिशेबाने २५ मिलिमीटर वर चढवलीत की वरचं पेडल सीटपासून पाच सेंटिमीटर लांब जातं, गुडघ्याला तेवढी मोकळीक मिळते. उतारावर वेग आवरायला मात्र लहान क्रँकवर पायाला जास्त जोर लावावा लागतो, हे धरून चाला.

आता बांधणी. बहुतेक जण उभं राहून पट्टे आवळतात. उभं असताना मांडीचा घेर एक असतो, पाय वाकवल्यावर दुसरा, म्हणून पट्टा रुततो. स्टुलावर बसा, गुडघा काटकोनात ठेवा, वाटी पॅडच्या खोलगट भागात नीट बसवा आणि मग पट्टे लावा. आधी खालचा. तो गुडघ्याच्या वाटीखाली पण पोटरीच्या फुगवट्याच्या वर आला पाहिजे. तिथे पाय बारीक असतो आणि खाली पोटरी रुंदावते, म्हणून पॅडला खाली उतरायला वाटच राहत नाही. पॅड धरून ठेवायचं काम या पट्ट्याचं. वरचा पट्टा फक्त साथीला, त्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. लोक नेमकं उलटं करतात, मांडीवर आवळतात आणि खालचा सैल सोडतात. मांडी गुडघ्याकडे निमुळती होत येते, मग तिथला पट्टा कितीही आवळा, तो खालीच सरकणार. तुमच्या मुंग्या त्याच आवळण्याच्या असाव्यात. पट्टे नीट लावूनही त्या थांबल्या नाहीत तर डॉक्टरांना दाखवा.

एवढ्याने निम्मा त्रास जाईल. उरलेल्यासाठी सुईदोरा. वरचा पट्टा नायलॉनचा, अजिबात न ताणणारा असेल, तर त्याचा मधला हातभर नव्हे, चार बोटं तुकडा काढून तिथे दीड इंची रुंद इलास्टिक जोडा. शिंपीकामाचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतं. पुण्यात मी बोहरी आळीतून आणते. जोडावर चौकोनी टीप मारून आत फुली मारायची, सॅकच्या पट्ट्याला असते तशी. आणि इथे एक बारीक गोष्ट. नायलॉन कापल्यावर धागे सुटू नयेत म्हणून आपण टोक मेणबत्तीवर धरतो. वितळून थंड झालेल्या त्या कडेला बोट लावून बघा. काचेच्या दाण्यांसारखे टोकदार मणी झालेले असतात. ते पायाला लागून तासभर फिरलं की कातडी सोलवटते. विकतच्या पॅडमध्येही ही कड कित्येकदा तशीच सोडलेली असते. ती दुमडून टीप मारा, आणि दुमड बाहेरच्या बाजूला येऊ द्या. वेल्क्रोचा खरखरीत भाग मऊ भागाच्या बाहेर डोकावत असेल तर तेवढा कापा, कोपरे गोल करा. पट्ट्यांची टोकं आणि बकल पायाच्या बाहेरच्या अंगाला आणा. आतल्या अंगाला फ्रेम असते, तिथे ती दर फेऱ्याला घासतात.

पॅडचं मागचं कापड पूर्ण बंद, निओप्रीनचं (स्पंजासारख्या रबराचं) असेल, तर त्याला खिडकी काढा. मला विचाराल तर सगळ्यात सुख यानेच मिळतं. पॅड घालून, पाय वाकवून बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी मागे जिथे घड्या पडतात तिथे शिंप्याच्या खडूने खूण करायला सांगा. स्वतः वळून खूण करायला गेलात की पाय हलतो. खूण लंबगोल हवी, चौकोन नको, कारण कोपऱ्यातून फाटायला सुरुवात होते. वर आणि खाली किमान चार सेंटिमीटरचं कडं अखंड ठेवा, तेच पॅडला पायावर धरून ठेवणार आहे. कापलेल्या कडेला लायक्राची अरुंद पट्टी लावा. मशीन असेल तर झिगझॅग टीप, नसेल तर हाताने सैलसर तिरके टाके, दोरा पॉलिएस्टरचा. सरळ टीप मारू नका, पहिल्या ताणालाच ती तुटते. गाठी बाहेरून.

खाली काय घालता तेही महत्त्वाचं. सुती कापड घाम पितं आणि ओलंच राहतं, ओलं कापड कातडीला घासतं. फुटबॉलचे लांब पॉलिएस्टर मोजे घ्या, पाऊल कापून टाका आणि मांडीपर्यंत ओढा. पॅड त्यावर. घसरू नये म्हणून काही जण पॅडच्या आत सिलिकॉनच्या रेघा ओढतात. आपल्या उन्हाळ्यात उघड्या कातडीवर ते मला पटत नाही, पुरळ उठतं.

राहिली सर्कस. सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली पहिली भारतीय सर्कस सुरू केली, तो मुलूख तुमचा, त्याचा अभिमान मलाही आहे. पण रिंगणात माती आणि भुसा असतो, तुमच्याकडे डांबर आहे. सर्कशीतला कलावंत लहानपणापासून पडायला शिकलेला असतो. आंतरराष्ट्रीय युनिसायकल महासंघाच्या ट्रॅक शर्यतींत तर तयार खेळाडूंनाही बूट, हातमोजे आणि नी-पॅड सक्तीचे आहेत. मित्रांना हे सांगा.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा, वीस इंची युनिसायकल शिकतोय. शाळेतल्या कबड्डीच्या नी-कॅप घालतो, तरी नडगीवर काळेनिळे डाग आणि ओरखडे आहेत. घरात त्याच्या बाबांचे क्रिकेटचे पॅड आहेत, ते चालतील का? शिवाय नवीन घ्यायचे तर एक साइज मोठे घ्यावे, असं वाटतं.
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, क्रिकेटचे पॅड नकोत. ते चेंडू अडवायला आहेत. गुडघ्यावरच्या जाड गाद्या पाय पूर्ण वाकू देत नाहीत, आणि रुंदीमुळे ते फ्रेमला आपटतात. तोल जाईल तो त्यानेच.

आधी पेडल बघा. त्यावर धातूच्या खिळ्या असतील तर काढून साधी प्लास्टिकची लावा. मुलगा उतरताना युनिसायकल पायाखालून निसटते आणि पेडल फिरून नडगीवर येतं. तिथे कातडीखाली लगेच हाड, मधे मांस नाहीच, म्हणून इतकं लागतं. प्लास्टिकचं पेडल असेल तर फुटबॉलचे शिन-गार्ड मोज्यात घालून पुरतात. हलके असतात, मुलं कुरकुर करत नाहीत.

कबड्डीची नी-कॅप मातीवर आणि मॅटवर छान. गवतावर शिकत असेल तर राहू द्या. डांबरावर किंवा काँक्रीटवर गेला की मात्र कडक वाटी असलेलं पॅड लागेल. कापड रस्त्याला धरतं आणि गुडघा तिथेच अडकतो, कडक वाटी घसरते आणि मार निघून जातो.

वाढत्या अंगाचं घेऊ नका. शर्टाला ते ठीक आहे. मोठं पॅड पडताना गोल फिरतं आणि नेमका गुडघा उघडा पडतो. मुलाला बसवून, गुडघा वाकवून, गुडघ्याच्या वाटीच्या दहा सेंटिमीटर वर मांडीचा घेर मोजा आणि पाकिटावरच्या तक्त्याशी ताडून घ्या. दुकानात पॅड घालून त्याला उठाबशा काढायला लावा. तो सारखा हात नेऊन पॅड ओढतोय असं दिसलं तर दुसरं मागा. काचणारं पॅड तो तुम्ही नसताना काढणार, आणि त्याला रागावून उपयोग नाही.

प्रश्न : पॅडला भयंकर वास येतो. वॉशिंग मशीनमध्ये टाकू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मशीन नको, आतला फोम गोळा होतो. कडक वाटी सुटी होत असेल तर काढा. वेल्क्रो बंद करून ठेवा, नाहीतर तो मोज्यांचे धागे ओढतो. बादलीत कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून दाबून दाबून धुवा, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत, पंख्याखाली, आतली बाजू वर करून वाळवा. उन्हात निओप्रीन कडक होतं आणि तडकतं. वाळल्यावर फोम अंगठ्याने दाबून बघा. खड्डा भरून आला नाही, तर ते पॅड धुऊन उपयोग नाही, फोम बदला. पावसाळ्यात दोन जोड्या आलटून पालटून वापरा, एक रात्रीत वाळत नाही.