टर्बो, चार थ्रॉटल बॉडी आणि मुलाचं करिअर

शिरोली एमआयडीसीत मशिन शॉप चालवणाऱ्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरातल्या जुन्या होंडा सिटीच्या इंजिनाला मोटरसायकलच्या चार थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपा) आणि टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) बसवायचा त्याचा हट्ट आहे. त्यासाठी तो पैसे मागतो आणि ‘मला यातच करिअर करायचंय’ म्हणतो. वडिलांनी विचारलंय, हा नुसता नाद आहे की यात पोट भरण्यासारखं काही आहे?

नमस्कार साहेब,

पोट भरण्यासारखं आहे, पण ते पार्ट बसवण्यात नाही. मुलाच्या डोक्यात जे आहे ते वेडेपणाचं मुळीच नाही, हे मात्र आधी सांगतो. निसानने हेच केलं होतं. १९८९ साली आलेल्या स्कायलाइन जीटी-आरच्या आरबी२६ इंजिनात सहा सिलिंडर, दोन टर्बो आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतःची थ्रॉटल बॉडी होती. १९९० ते १९९३ या चार हंगामांत त्या गाडीने जपानच्या टूरिंग कार स्पर्धेतल्या २९ पैकी २९ शर्यती जिंकल्या. तुमच्या मुलाने हे सगळं पाठ केलेलं असणार.

आता त्याचा मुद्दा काय आहे ते बघू. साध्या इंजिनात एकच थ्रॉटल असते आणि तिच्यापुढे हवा सिलिंडरांत वाटून देणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डची मोठी पोकळी असते. पाय दाबला की आधी ती पोकळी भरते, मग हवा सिलिंडरपर्यंत पोचते. थ्रॉटल थेट प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी आणली की मधली जागा जवळपास संपते आणि इंजिन पायाला लगेच उत्तर देतं. टर्बो असेल तर त्याने दाबलेली हवा थ्रॉटलच्या अलीकडच्या प्लेनममध्ये, म्हणजे हवेच्या पेटीत, थांबलेली असते, झडप उघडली की ती तशीच आत शिरते. कल्पना चांगली आहे. पण टर्बो फिरायला जो वेळ लागतो, तो यामुळे कमी होत नाही. म्हणूनच आरबी२६वर फार मोठी ताकद काढणारे कित्येक ट्यूनर त्या सहा थ्रॉटल काढून एकच मोठी बसवतात. मुलाला विचारा, ते असं का करतात? उत्तर देताना तो अडखळला तर काळजी करू नका, पण त्याने ते शोधलं पाहिजे.

खरी अडचण पुढे आहे, आणि त्याचं करिअरही तिथेच आहे. इंजिनाच्या ईसीयूला, म्हणजे त्याच्या कंट्रोल कॉम्प्युटरला, पेट्रोल किती सोडायचं हे ठरवायला आत किती हवा गेली ते कळावं लागतं. चार स्वतंत्र थ्रॉटल असल्या की पाय जरासा दाबताच मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे अर्धी थ्रॉटल आणि पूर्ण थ्रॉटल यांतला फरक प्रेशर सेन्सरला नीट दिसतच नाही. म्हणून असं इंजिन ट्यून करताना थ्रॉटलच्या कोनावरून हवेचा अंदाज बांधतात. टर्बो लावला की तो अंदाजही कोसळतो, कारण कोन तोच असला तरी मागे दाब किती आहे यावर आत जाणारी हवा बदलते. मग कोनाचा तक्ता आणि थ्रॉटलच्या अलीकडचा दाब, दोन्ही एकत्र धरून किती पेट्रोल सोडायचं याचा नकाशा करावा लागतो. निसानने टर्बोच्या आधी दोन एअरफ्लो मीटर बसवून हवा सरळ मोजूनच घेतली. हा जो ‘नकाशा’, त्याला आमच्या क्षेत्रात कॅलिब्रेशन म्हणतात आणि ते काम करणारा इंजिनिअर पगारावर असतो.

बाकीच्या गोष्टी तुम्हाला मशिन शॉपमुळे चटकन समजतील. मोटरसायकलच्या थ्रॉटल बॉडी व्हॅक्यूमसाठी बनवलेल्या असतात. आत बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, आला की शाफ्टच्या टोकाशी हवा बाहेर फुसकायला लागते. आणि ब्रेकचं पेडल हलकं करणाऱ्या ब्रेक बूस्टरचं काय? त्याला लागणारा व्हॅक्यूम मॅनिफोल्डमधून येतो. एकाच रनरला (सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीला) पाइप जोडला तर व्हॅक्यूम धडधडत आणि कमी मिळतो, ऐन वेळी पेडल दगडासारखं कडक होतं. चारही रनरमधून नळ्या घेऊन एका छोट्या टाकीत आणाव्या लागतात, वर हवा एकाच दिशेने जाऊ देणारा चेक व्हॉल्व्ह लागतो. हे ज्याला आधी सुचतं तोच या कामाचा माणूस.

तरीही घरच्या सिटीला हात लावू देऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत असे बदल करू देत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मालक तुम्ही आहात.

त्याऐवजी भंगारातून एक चालू चार सिलिंडर इंजिन आणा. स्टँड तुमच्याच शॉपमध्ये बनेल. प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू आणि धुरातल्या ऑक्सिजनवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा वाइडबँड लॅम्डा सेन्सर घेऊन द्या. टर्बो आत्ता नको. आधी चार थ्रॉटल एकमेकींशी जुळवून आयडल (पाय न दाबता इंजिनाचं चालणं) स्थिर करून दाखवू दे. रोजचं लॉगिंग, म्हणजे सेन्सरच्या नोंदी, वहीत उतरवायला लावा. मुलाखतीत अशी वही मी स्वतः आधी उघडून बघतो.

शिक्षणाचं म्हणाल तर डिप्लोमानंतर थेट द्वितीय वर्षाला इंजिनिअरिंगचा प्रवेश घ्यावा. तो डिप्लोमाच्या गुणांवर होतो, तेव्हा शेवटचं वर्ष नादात वाया जाऊ देऊ नका. या एका गोष्टीवर मात्र कडक राहा. कॉलेज निवडताना फॉर्म्युला भारतची (विद्यार्थ्यांनी स्वतः रेस गाडी बनवायच्या स्पर्धेची) टीम आहे का ते विचारा. त्या स्पर्धेच्या पेट्रोल गाड्यांत इंजिनाची सगळी हवा एकाच २० मिलिमीटरच्या भोकातून जावी लागते, त्यामुळे तिथे थ्रॉटलची संख्या वाढवून ताकद मिळत नाही, डोकं चालवावं लागतं. सोबत मॅटलॅब-सिम्युलिंक (गणित आणि कंट्रोलचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) आणि कॅन बसचं (गाडीतल्या कंट्रोलरना जोडणाऱ्या वायरिंगचं) काम शिकायला लावा. इंटर्नशिपसाठी पुण्यात कोथरूडची एआरएआय ही वाहनांची चाचणी-संशोधन संस्था आहे, इंजिन आणि गाड्यांच्या कंपन्यांची टेस्टिंग सेंटर आहेत.

इलेक्ट्रिक गाड्यांमुळे पेट्रोल इंजिनाची कामं कमी होतील, ही तुमची शंका रास्त आहे. म्हणूनच मी त्याला ट्यूनिंगचं गॅरेज टाकायला सांगत नाही. सेन्सर काय सांगतोय, त्यावर किती विश्वास ठेवायचा आणि कंट्रोलरने काय करायचं, हे ज्याला जमतं त्याला मोटर आणि बॅटरीच्या कंट्रोलरवरही काम मिळतं.

हे पत्र मुलालाही वाचायला द्या. कोनाचा आणि दाबाचा तक्ता तो कसा जुळवेल, ते त्याने एका पानावर लिहून मला पाठवावं. ते वाचून पुढची दिशा मी त्यालाच कळवतो.