लेकीच्या टाचेला फुटबॉलचा बूट लागतो म्हणून विचारलंत, त्यावर

ताई, तुमच्या १३ वर्षांच्या लेकीच्या दोन्ही टाचा नव्या बुटांनी सोलल्या आणि दुकानदार म्हणाला, 'पायच पसरट आहे, एक नंबर मोठा न्या, वाढतं वय आहे.' कृपा करून तसं करू नका. मोठ्या बुटात टाच आणखी सुटेल आणि आणखी घासेल.

मी गोव्यात फोंड्यात १८ वर्षं मुलींना फुटबॉल शिकवतोय. पहिल्या वर्षीच शिरोड्याची एक मुलगी बुटात मागे कापूस कोंबून खेळायची. एकदा सरावानंतर तिने मोजा काढला तर तो कातडीला चिकटलेला. मान खाली घालून म्हणाली, "सर, माझाच पाय वाईट आहे." ते वाक्य मला अजून लागतं, म्हणून एवढं लांब लिहितोय.

बूट कलबुतावर बेततात. कलबूत म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा. फुटबॉलच्या बुटांचं कलबूत वर्षानुवर्षं पुरुषाच्या पायावरून घेतलेलं. एक मधला नंबर नीट तयार करायचा आणि बाकीचे त्याच प्रमाणात लहानमोठे काढायचे, अशी रीत. मुलींचे म्हणून जे विकले गेले, त्यातले कितीतरी हेच, रंग तेवढा गुलाबी. पण बायकांच्या पायाची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते. चवडा मावेल असा बूट घेतला की टाच आत वरखाली होते. तुमच्याकडे नेमकं हेच होतंय. युरोपातल्या क्लबांच्या संघटनेने अव्वल क्लबांच्या महिला खेळाडूंना विचारलं, तेव्हा ८२ टक्के जणींनी बुटांचा त्रास होतो असं सांगितलं. नायकीने फँटम लूना हा खास बायकांच्या पायासाठीचा बूट काढला तो २०२३ साली. इतका उशीर!

त्यात आपले पाय आणखी वेगळे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. युरोप-अमेरिकेच्या मानाने ते रुंद निघाले, आणि त्यावरून 'भा' ही आपली मापपद्धत सुचवली गेली. त्याच पाहणीत मुलींच्या पायाची वाढ अकराव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात जोरात असते असं दिसलं. म्हणजे १३ व्या वर्षी 'वाढत्या अंगाचा' बूट घेण्यात फारसा अर्थ नाही.

आपली खेळाडू स्वप्ना बर्मन, तिच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटं. साध्या बुटांत दुखणं सोसत तिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत हेप्टॅथलॉनचं, म्हणजे धावणं-उड्या-फेक अशा सात प्रकारांच्या स्पर्धेचं, सुवर्ण जिंकलं. तिच्या पायाचे बूट झाले ते त्यानंतर. पदक मिळवलं म्हणून तिच्याकडे लक्ष गेलं; आपल्या तालुक्यातल्या मुलीने कुणाकडे जायचं?

आता करायचं काय ते. संध्याकाळी, सरावानंतर, पाय थोडा फुगलेला असताना खेळाचे मोजे घालून तिला तपकिरी कागदावर उभी करा. वजन दोन्ही पायांवर. पेन्सिल सरळ धरून रेघ काढा. तिरकी धरली की माप चुकतं. लांबी, चवड्याची रुंदी आणि टाचेची रुंदी, तिन्ही घ्या, दोन्ही पायांची. मोठा पाय धरून नंबर ठरवा. बूट चवड्याला थोडाच कमी पडत असेल तर बाजारात बूट दुरुस्त करणारे लाकडी कलबूत घालून तो सैल करून देतात. फोंड्यात आमचे एक काका आहेत, 'कलबूत' हा शब्द मला त्यांनीच शिकवला. टाच मात्र सैल असली की ती आवळून मिळत नाही. म्हणून दुकानात आधी टाच बघा, मग चवडा. नाडी शेवटच्या भोकापर्यंत ओवा, तिथे दोन्ही बाजूंना छोटे फास करा आणि समोरची टोकं त्यांतून ओढून बांधा. टाच बरीच धरली जाते.

आणि स्टड, म्हणजे बुटाच्या तळाचे खुंट. लांब असले तर पावसात ठीक, पण चवथ (गणेशचतुर्थी) होऊन दोनेक महिने गेले की आपली जांभ्याची मैदानं दगडासारखी होतात. लांब स्टड मातीत रुतत नाहीत, चवड्याला खालून टोचतात. तेव्हा आखूड आणि जास्त स्टडवाला बूट द्या.

जखम भरेपर्यंत तिला खेळवू नका. कागदावरची मापं इथे लिहा, कुठल्या आकाराचा बूट शोधायचा ते सांगतो.