पतसंस्थेच्या कर्जाचे हप्ते 31 जानेवारीपासून लावले, तर डेटाबेसमध्ये मार्चचा हप्ता 29 तारखेला का पडतो? व्याजाचे दिवसही चुकतात.

तुम्ही मागच्या हप्त्याच्या तारखेत एक महिना मिळवत आहात, म्हणून. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 31 जानेवारी 2024 अधिक 1 महिना म्हणजे 29 फेब्रुवारी, कारण फेब्रुवारीत 31 तारीखच नाही. त्यात पुन्हा महिना मिळवला की 29 मार्च, आणि गेलेली 31 तारीख परत येत नाही. मूळ तारीख धरा, तिच्यात थेट 2 महिने, 3 महिने मिळवा. मार्च बरोबर 31 ला येईल. कापूस विकून हप्ता भरणाऱ्याला नोटीस चुकीच्या तारखेची जायला नको.

दिवसांचं गणित वेगळं. पोस्टग्रेसमध्ये एका तारखेतून दुसरी वजा केली की सरळ दिवस मिळतात. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये तसं करू नका. तिथे तारखेचा अंक होतो, 20240301 वजा 20240228, आणि उत्तर येतं 73. खरे दिवस 2. पन्नास हजारांवर 12 टक्क्यांनी 73 दिवसांचं व्याज 1200 रुपये होतं, 2 दिवसांचं जेमतेम 33. तिथे डेटडिफ (DATEDIFF) हे दोन तारखांमधले दिवस मोजणारं फंक्शन वापरा, आणि त्यात नंतरची तारीख आधी लिहा, नाहीतर उत्तर ऋण येतं.

वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवली असेल तर पहाटे साडेपाचच्या आधीची नोंद आदल्या दिवशी पडते. तारीख काढण्याआधी भारतीय वेळेत बदला.