इटलीतल्या बादिया अ कोल्तिबुओनोच्या ऑरगॅनिक कियान्ती क्लासिको या रेड वाइनमध्ये सल्फाइट (वाइन टिकवणारी गंधकाची संयुगं) नसतात का?

असतात. बाटलीवर मागच्या बाजूला 'कोन्तिएने सोल्फीती' लिहिलेलं असतं, म्हणजे सल्फाइट आहेत. युरोपीय नियमांनुसार कोरड्या ऑरगॅनिक रेड वाइनमध्ये लिटरला जास्तीत जास्त 100 मिलिग्रॅम चालतात, साध्या रेडमध्ये 150. फरक एवढाच.

खरा फरक मळ्यात आहे. तिथे तणनाशक आणि रासायनिक खत बंद. वेलीवरच्या केवडा रोगासाठी मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण, भुरी रोगासाठी गंधक. आपल्या नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना हे दोन्ही रोग आणि ही औषधं तोंडपाठ आहेत. पण तिथे मोरचुदातल्या तांब्यालाही मर्यादा आहे: 7 वर्षांत हेक्टरी 28 किलो. पावसाळी वर्षात एवढ्यावर पीक वाचवणं फार अवघड, म्हणून अशा शेतकऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

कोल्तिबुओनो हा तोस्काना प्रांतातल्या गायओले गावाजवळचा डोंगरावरचा जुना मठ. 1051 मध्ये वाल्लोम्ब्रोझा या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी तो उभारला. 1810 मध्ये नेपोलियनच्या राजवटीत साधूंना बाहेर काढलं आणि 1846 मध्ये फ्लॉरेन्सच्या एका बँकरने तो विकत घेतला. आज त्याच घराण्याचे वंशज तो सांभाळतात. मठाभोवती जंगल आहे. द्राक्षमळे खाली, मोन्ती गावाच्या उबदार उतारांवर आहेत.

द्राक्ष मुख्यतः सांजोवेझे (नियमाने किमान 80 टक्के), जोडीला कानायोलोसारखी स्थानिक वाणं. चवीला आंबट चेरी, जिभेवर किंचित तुरटपणा. नुसती पिण्यापेक्षा जेवणासोबत घ्या, मटणाबरोबर छान लागते.

सल्फाइटची खरंच ॲलर्जी असेल तर मात्र 'ऑरगॅनिक' शब्दावर विसंबू नका, डॉक्टरांना विचारा.