इंटरव्ह्यूसाठी ५०० इंग्रजी वाक्प्रचार पाठ करावेत का?

ठाण्यातल्या क्लासने ५०० इडियम्सची यादी दिली आहे, ती पाठ करून इंटरव्ह्यूत छाप पडेल का, असं विचारलंय. नाही पडणार. यादीत फक्त अर्थ असतो. कोणी, कोणाला, कुठे म्हणायचं ते नसतं, आणि खरी मेख तिथेच आहे.

'किक द बकेट'समोर 'मरणे' छापलेलं असतं. खरं तर ते 'गचकणे' आहे. साहेबांचे वडील गेले तर मेलमध्ये 'पास्ड अवे'च लिहायचं. शिवाय 'द बकेट वॉज किक्ड' असं फिरवलंत की मरण जातं आणि नुसती बादली उरते. 'स्पिल द बीन्स', म्हणजे गुपित फोडणं, याचं मात्र 'द बीन्स वेअर स्पिल्ड' बिनधास्त चालतं. हे यादी सांगत नाही.

ऐरोलीत आमच्या टीमला लंडनहून मेल आला: 'लेट्स टेबल द प्रायसिंग इश्यू ऑन थर्सडे'. ब्रिटिश माणूस 'टेबल' म्हणतो तेव्हा विषय चर्चेला घ्यायचा असतो, अमेरिकन म्हणतो तेव्हा बाजूला ठेवायचा असतो. न्यू जर्सीवाले विषय लांबणीवर पडला असं समजून आकडे न घेताच कॉलवर आले. लंडनवाले आकडे मागतायत, न्यू जर्सीवाले म्हणतायत 'आज तो विषयच नाही', आणि संध्याकाळी साडेसातला आम्ही मध्ये. आमचे एक सहकारी तरीही म्हणतात, अर्थ पाठ असला की पुरे. अहो, त्या दोघांची मातृभाषा इंग्रजी, दोघांनाही अर्थ पाठच होता! पलीकडे दोन देश असतील तर सरळ 'डिस्कस' किंवा 'पोस्टपोन' लिहावं.

ऐकून कळायला हवेत ते वाक्प्रचार पुष्कळ, तोंडी आणायचे मोजके. 'ऑन द सेम पेज' (एकमत असणं), 'टच बेस' (थोडक्यात बोलून घेणं), 'बॉलपार्क फिगर' (अंदाजे आकडा) ऑफिसात रोज कानावर पडतील. बॉलपार्क फिगर मागितली तर 'चार-साडेचार लाख' सांगा, ४,२७,३५० नाही. 'द बॉल इज इन युअर कोर्ट', म्हणजे आता पुढचं तुमच्या हातात, हे क्लायंटला लिहू नका, अंगावर ढकलल्यासारखं वाटतं. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' शाळेतच राहू दे, 'इट्स पोअरिंग' पुरतं. नवा वाक्प्रचार दिसला की लर्नर्स डिक्शनरीत अर्थाआधीची खूण बघा: इन्फॉर्मल, ओल्ड-फॅशन्ड, ब्रिटिश. मग उदाहरणाचं वाक्य अख्खं उतरवून घ्या.

एसएससीसारखी (दहावीची नव्हे, केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनची नोकरभरतीची) परीक्षा द्यायची असेल तर मात्र यादी पाठ कराच. तिथे चार पर्यायांतून अर्थच ओळखायचा असतो.